भांडायचं कशासाठी, ते आधी ठरव

सगळ्यात आधी तो मेसेज पाठवू नकोस. लिहून ठेवला असशीलच, लांबलचक, रागाचा, आणि शेवटी ‘मी माझं प्रदर्शन मागे घेत आहे’ असं ठणकावून सांगणारा. असू दे तसाच ड्राफ्टमध्ये. सकाळी पुन्हा वाच आणि त्यातली कामाची दोन वाक्यं तेवढी ठेव. आज रात्री पाठवलास तर उद्या तुला सेटअप करायचा सोडून त्या मेसेजचीच निस्तरानिस्तर करावी लागेल, आणि तेवढा वेळ तुझ्याकडे नाहीये गं.

तुझी अवस्था मला कळतेय. पहिलं एकल प्रदर्शन, परवा उद्घाटन. आजीच्या, मावश्यांच्या, शेजारपाजारच्या बायकांच्या जुन्या नऊवारी गोळा करायला तू किती घरांचे उंबरठे झिजवलेस, ते मी बघितलंय. टेम्पो उतरवून झाला, साड्यांचे गठ्ठे भिंतीशी लागले, मातीची पोती जिन्याखाली गेली, आणि आता गॅलरीचे मॅनेजर एकेक नियम सांगतायत. छताला काही टांगायचं नाही. जमिनीवर माती पसरायची नाही. पणत्या पेटवायच्या नाहीत. मागच्या दारासमोर काही ठेवायचं नाही. संध्याकाळी सातला हॉल बंद. आणि त्या एका साडीवर तू भरतकामानं काढलेली वाक्यं ‘जरा सौम्य करता आली तर बघा ना.’

आता हे सगळं तुला एकाच आवाजात ऐकू येतंय: ही माणसं मला माझं काम करू देत नाहीत. खरं सांगू का, हा एक आवाज नाहीच. या सहा गोष्टींत तीन वेगवेगळ्या जाती आहेत. एक जात माणसांचा जीव आणि इमारत सांभाळणारी, दुसरी त्यांची सोय बघणारी आणि तिसरी तुझ्या कामाच्या अर्थाला हात लावणारी. पहिलीपुढे मान तुकवायची, दुसरीशी घासाघीस करायची आणि तिसरीपुढे पाय रोवून उभं राहायचं. सहाही ठिकाणी सारख्याच जोरानं भांडलीस तर जिथे खरंच भांडायला हवं तिथे पोचेपर्यंत तुझा घसा बसलेला असेल, आणि समोरच्यानं ‘या बाई प्रत्येक गोष्टीत वाद घालतात’ असं मनाशी ठरवून टाकलेलं असेल.

आधी पहिली जात घेऊ. मागचं दार आणि पणत्या, या दोन गोष्टींवर एक शब्दही बोलू नकोस. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात आग लागली, त्यात ५९ माणसं गेली. आग खाली पार्किंगजवळच्या ट्रान्सफॉर्मरपासून सुरू झाली, धूर वर बाल्कनीत चढला, आणि बाल्कनीत वाढीव खुर्च्या बसवलेल्या असल्यानं बाहेर पडायची वाट अडलेली होती. बहुतेक लोक धुरानं गुदमरून गेले. बघ, खुर्च्याच होत्या त्या, कुणी मुद्दाम काही वाईट करायला गेलं नव्हतं. तुझ्या त्या दारासमोर तर सुती साड्यांचा पडदा येणार होता. उद्घाटनाला भरलेल्या हॉलमध्ये दिवे गेले, तर लोक त्या पडद्यात हात घालून दार शोधत बसणार. तुझं काम कितीही सुंदर असो, ते तिथे नको.

पणत्यांचंही तेच. जुनी, विरलेली सुती साडी किती पटकन पेट घेते हे तुला मी सांगायला नको. मी उभी राहीन, मी लक्ष ठेवीन, असं तू म्हणशील. पण दिवसभर माणसं येत-जात असतात, कुणाची ओढणी असते, कुणाचं लहान मूल हात सोडून पळतं. तू चहा प्यायला गेलीस तेवढ्या पाच मिनिटांचा प्रश्न आहे. म्हणून तो नियम तुझ्यावर अविश्वास दाखवणारा मानू नकोस. बॅटरीच्या खोट्या पणत्या तुला आवडत नाहीत, मलाही नाही आवडत, त्या ठेवूच नकोस. विझलेल्या पणत्या ठेव. काळ्या पडलेल्या वाती आणि तेलाचा डाग असलेल्या. रात्री दिवा लावून बसलेल्या बायकांबद्दलच तर तुझं काम आहे. सकाळी उरलेली वातही ते सांगू शकते. जिवंत ज्योत हवीच असेल तर उद्घाटनाची समई दाराबाहेर, मोकळ्या जागेत, साड्यांपासून लांब, त्यांची परवानगी घेऊन लाव.

छताचं जरा समजून घे. तू म्हणालीस, साडी ती केवढीशी, तिचं वजन कितीसं. पण २५ साड्या, त्यांच्या वरचे बांबू, दोर, हुक असं सगळं मिळून सहज २५-३० किलो होतं. वर दिसतंय ते पांढरं छत म्हणजे जिप्समची फॉल्स सीलिंग. तिला स्वतःचं वजन पेलतं तेवढंच. वजन घ्यायचं तर वरच्या स्लॅबमध्ये किंवा तुळईत अँकर मारावा लागतो, आणि तिथे ड्रिल चालवायला ते तुला देणार नाहीत, कारण त्या पोकळीत वायरी आणि एसीचे पाइप असतात. यावर वाद घालून काही हाती लागायचं नाही. पण उपाय आहे. गावातल्या मांडववाल्याकडे लोखंडी पाइपची चौकट भाड्यानं मिळते. खाली रुंद बेसप्लेट, तिच्याखाली रबराचे तुकडे म्हणजे फरशीला चरे पडत नाहीत, आणि आधाराला वाळूच्या पिशव्या. चौकट पक्की उभी राहिली की साड्या तिच्यावर टांग. छताला हात लावायची गरजच नाही. पाइप दिसतील, मला माहितीये. साड्यांच्याच रंगाची कापडी पट्टी गुंडाळ, किंवा दिसू दे सरळ. घरात साड्या वाळत घालायची दांडी कधी कुणी लपवली आहे का?

आणि बघ, छताबद्दल मॅनेजरांना विचारण्याआधी हॉलवरच्या काकांना विचार. प्रत्येक गॅलरीत एक काका असतात, किल्ल्या त्यांच्याकडे असतात, आणि ती इमारत त्यांना पाठ असते. मागे एका हॉलमध्ये मला टांगायला काहीच सापडत नव्हतं. तिथल्या काकांनी शिडी लावली, ट्यूबलाइटशेजारचा एक चौकोन अलगद वर सरकवला आणि आत तुळईला घट्ट बसवलेला जुना लोखंडी हुक दाखवला. आधीच्या कुठल्यातरी प्रदर्शनासाठी रीतसर बसवलेला आणि नंतर विसरला गेलेला. त्यांनी आधी मॅनेजरांना विचारलं, मग हुकाला स्वतः लोंबकळून बघितलं, मग माझ्या हातात तंगूस दिला. त्या माणसाचं नाव प्रदर्शनाच्या आभारांच्या फलकावर पहिलं लागलं. तूही लाव.

मातीबद्दल तुला त्यांचा फार राग आलाय, कारण मातीच तुझ्या कामाचा जीव आहे. पण जरा हिशेब करू. दहा फूट बाय दहा फूट जागेत दोन इंच जाडीचा थर म्हणजे साधारण सोळा-सतरा घनफूट माती. कोरडी असली तरी सहा-सातशे किलो भरेल. तुझा हॉल पहिल्या मजल्यावर आहे. जुन्या इमारतीत त्या मजल्याखाली काय आहे हे तुलाही ठाऊक नाही आणि मलाही. शिवाय मातीबरोबर ओल येते, वाळवी येते, मुंग्या येतात. संग्रहालयं बाहेरून आलेलं लाकूड, कापड, धान्य सरळ आत घेत नाहीत, आधी वेगळं ठेवून तपासतात, काही ठिकाणी कीड मारण्यासाठी उणे वीस अंशांच्या आसपास गोठवतातसुद्धा. हे तुझ्या मातीला अस्वच्छ म्हणणं नव्हे. एकदा लाकडात कीड शिरली की पुढच्या दहा कलाकारांना ती भोगावी लागते.

माझ्या एका मांडणीत भाताचा पेंढा होता. दारातच अडवलं मला. मी विचारलं, ‘नक्की भीती कशाची आहे?’ तेव्हा कळलं की आधी कुणाच्यातरी बांबूतून कीड आली होती आणि लाकडी तक्तपोशी बदलावी लागली होती. मग पेंढा बाहेरच्या व्हरांड्यात गेला आणि आत नुसते त्याचे वळलेले दोर गेले. त्यात काही गमावलं, खोटं कशाला सांगू. आत शिरताना यायला हवा होता तो वास आला नाही. पण प्रदर्शन झालं, लोकांनी बघितलं, आणि त्या गॅलरीनं पुढच्या वर्षी स्वतःहून बोलावलं. तुझ्या मातीचंही असंच काहीतरी बसवता येईल. चाळून, उन्हात खडखडीत वाळवून, कडा असलेल्या प्लायच्या ट्रेमध्ये, खाली जाड प्लॅस्टिक घालून, अर्धा इंच थर आणि जागा निम्मी. म्हणजे वजन आठव्या हिश्श्यावर येतं. हा आकडा कागदावर लिहून मॅनेजरांसमोर ठेव. ‘माती टाकू का’ असं विचारलंस तर ‘नाही’ येईल. ‘अमुक किलो कोरडी माती, ट्रेमध्ये, शेवटच्या दिवशी मी स्वतः उचलून नेईन’ असं म्हणालीस तर बोलणं सुरू होईल.

दिव्यांचंही एवढ्यातच बघून घे, नाहीतर उद्या सातवा नियम निघेल. साध्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर जास्तीत जास्त १३८० वॉट चालतात. दीडशे वॉटचे दहा हॅलोजन एका एक्स्टेन्शनवर लावलेस तर तिथेच मर्यादा ओलांडली. एलईडी स्पॉट घे, इलेक्ट्रिशियनला आधी दाखव.

आता दुसरी जात. ‘सातला हॉल बंद.’ हा नियम त्यांच्या सोयीचा आहे, आणि सोय ही काही वाईट गोष्ट नाही. काकांना सव्वासातची लोकल गाठायची असते, घरी कुणीतरी वाट बघत असतं. तू कलाकार म्हणून रात्रभर जागायला तयार आहेस, पण तुझ्या जागरणात त्यांनाही जागं राहावं लागतं, याचा विचार आपल्याकडे फार कमी होतो. म्हणून इथे मागणी नीट मांडायची: ‘मला उद्या दोन तास जादा लागतील. थांबणाऱ्याचा ओव्हरटाइम मी देईन, घरी जायला रिक्षा करून देईन, आणि रात्रीचा डबा माझ्याकडे.’ असं कुणी म्हटलं की नऊपर्यंत हॉल उघडा राहायची शक्यता बरीच वाढते. नाहीच राहिला, तर सकाळी सातला उघडतील का विचार. सकाळची माणसं वेगळी असतात आणि त्यांचा मूडही. मात्र जे काही द्यायचं ते मॅनेजरांना सांगून दे, चोरून कुणाच्या हातात नोट कोंबू नकोस. त्यात त्या माणसाची नोकरी अडचणीत येते.

खिळे कुठे मारायचे, भिंतीला कुठला रंग चालेल, सामान कुठल्या जिन्यानं न्यायचं, हेही याच जातीतलं. भिंत पूर्ववत करून द्यायचं लेखी कबूल कर, डिपॉझिट ठेव, आणि मग माग. पुष्कळदा ‘नाही’चा अर्थ ‘आधीच्या एकानं भिंतीची वाट लावली होती’ एवढाच असतो.

आता तिसरी, खरी. त्या साडीवरची वाक्यं. ती तू आजीच्या तोंडची घेतलीस, तिनं आयुष्यभर कुणाला न सांगितलेली. ती वाक्यं ‘सौम्य’ केली तर ती तिची राहणारच नाहीत. इथे मात्र घाईनं हो म्हणू नकोस. रात्री बसून टाके उसवायचे नाहीत, हे आधी कबूल कर मला. दमलेल्या अवस्थेत, एकटीनं, रात्री अकराला आपल्या कामाला कात्री लावायची नाही.

करायचं काय, ते सांगते. उद्या मॅनेजरांना शांतपणे विचार: ही सूचना कुणाची आहे? त्यांची स्वतःची, विश्वस्तांची, की प्रायोजकाची? नेमका कुठला शब्द खटकला? आणि हे मला लेखी मिळेल का? बघ, पुष्कळ वेळा ‘लेखी’ म्हटल्याबरोबर आग्रह ओसरतो, कारण मधल्या माणसानं अंदाजानं काळजी केलेली असते, वरून कुणी काही म्हटलेलंच नसतं. मॅनेजरांवर राग धरू नकोस. त्यांना दोन्हीकडून बोलणी बसतात. तुझी मागणी त्यांना वर पोचवता येईल अशा साध्या शब्दांत त्यांच्या हातात दे.

आणि उत्तर खरंच ‘बदला’ असं आलं, तर तुझे पर्याय तुला आधीच माहीत असायला हवेत. एक, साडी आहे तशी राहील, शेजारी तुझं निवेदन लागेल. दोन, ती साडी काढली जाईल, पण ती जागा रिकामी राहील आणि तिथे काय होतं ते लिहिलेलं असेल. तीन, तू सगळंच मागे घेशील. यातला कुठला तुला पेलेल, हे तूच ठरवायचं. मी ठरवून देणार नाही. पण चौथा, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांनी तुझं काम दुरुस्त करून तुझ्याच नावानं टांगणं, तो पर्यायच नाही. तिथे तुझी रेघ ओढून ठेव.

हे फक्त तुझ्याच नशिबी आलंय असं वाटतंय ना? १९७१ साली न्यू यॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात दानिएल ब्युरेन या फ्रेंच चित्रकारानं एक प्रचंड पट्ट्यापट्ट्यांचं कापड गोलाकार इमारतीच्या मधोमध टांगलं होतं, साधारण वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. त्याच प्रदर्शनातल्या डॅन फ्लॅविन, डोनल्ड जड यांसारख्या कलाकारांनी तक्रार केली की त्यामुळे आमची कामं झाकली जातात. उद्घाटनाआधीच ते कापड उतरवलं गेलं. केवढा अपमान वाटला असेल. पण ब्युरेन काम करत राहिला, आणि २००५ साली त्याच गुगनहाइममध्ये, त्याच गोलाकार जागेत त्याचं मोठं एकल प्रदर्शन झालं. एका उद्घाटनावर कलाकाराचं आयुष्य संपत नाही गं. एका गॅलरीशी झालेलं भांडणही कायमचं नसतं.

उलट बाजूचीही एक गोष्ट ऐक, कारण ती तुझ्या फार उपयोगाची आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात मास मोका नावाचं संग्रहालय आहे. ख्रिस्तोफ ब्युशेल या स्विस कलाकारानं तिथे फुटबॉलच्या मैदानाएवढ्या दालनात मांडणी सुरू केली: दुमजली घर, सिनेमागृह, मालवाहू कंटेनर. खर्च वाढत गेला, जळालेल्या विमानाचा सांगाडा हवा म्हटल्यावर संग्रहालयानं नकार दिला, आणि २००६च्या डिसेंबरात कलाकार काम अर्धवट टाकून निघून गेला. संग्रहालयानं ते अपुरं काम ताडपत्र्यांनी झाकून त्यामधल्या वाटेनं लोकांना आत सोडलं. २००७ साली प्रकरण न्यायालयातही गेलं. खालच्या न्यायालयानं संग्रहालयाची बाजू घेतली, तरी संग्रहालयानं शेवटी ते सगळं उतरवून टाकलं. २०१० साली वरच्या न्यायालयानं म्हटलं की अपुऱ्या कामालाही कलाकाराच्या हक्कांचं संरक्षण आहे. वाचलीस की वाटतं, कलाकार जिंकला. पण ते काम कुणालाच पुरं बघायला मिळालं नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी काय होतं माहितीये? एवढ्या मोठ्या प्रकल्पासाठी दोघांमध्ये सही केलेला नीट करारच नव्हता. किती खर्च, कुणाचा शब्द शेवटचा, सगळं बोलाचालीवर.

आपल्याकडच्या कायद्यातलंही एक कलम तुला माहीत हवं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार कलाकाराला आपल्या कामावर स्वतःचं नाव सांगायचा हक्क आहे, आणि त्या कामाची मोडतोड किंवा विद्रूपीकरण होऊन त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागला तर दाद मागता येते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेलं भलंमोठं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. ते लढले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. म्हणजे तुझ्या साडीवरची वाक्यं तुला न विचारता कुणी उसवली किंवा झाकून बदलली, तर ती गंभीर गोष्ट आहे.

पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की काम प्रदर्शित केलं नाही, किंवा कलाकाराच्या समाधानाप्रमाणे प्रदर्शित केलं नाही, एवढ्यानं या हक्काचा भंग होत नाही. कळलं ना? तुझं काम कोपऱ्यात लावलं, दिवा नीट दिला नाही, किंवा लावलंच नाही, तर हे कलम तुझ्या मदतीला येणार नाही. तिथे एकच गोष्ट उपयोगी पडते: आधी करून घेतलेला लेखी करार.

म्हणून पुढच्या वेळी, तारीख नक्की करण्याआधी, नियमांचा कागद मागायचा. आपण लग्नाचं कार्यालय घेताना काय काय विचारतो बघ: आचारी किती वाजता आत येणार, मांडवाला खिळे चालतात का, रात्री स्पीकर कधी बंद, डिपॉझिट कधी परत. घरातली एखादी आत्या दोन पानी यादी घेऊन जाते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. गॅलरीच्या बाबतीत मात्र आपल्याला विचारायचीच लाज वाटते, जणू त्यांनी तारीख दिली हेच उपकार. विचार बिनधास्त. छत, भिंत आणि मजला किती वजन घेतो, विजेचे पॉइंट किती, चाव्या कुणाकडे, सेटअपला नेमके किती तास, काम आत असताना नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची, विमा कुणी काढायचा, आणि मजकुराबद्दल हरकत असेल तर ती किती दिवस आधी सांगायची, कुणी सांगायची. तुझ्याकडूनही त्यांना एक कागद दे: मांडणीचा नकाशा मापांसह, वापरलेली सामग्री आणि फोटो. त्यावर दोघांची सही. सेटअपच्या दिवशी नियम पहिल्यांदा ऐकायला मिळाले तर चूक एकट्या तुझी नसते, आणि एकट्या त्यांचीही नसते.

आता आजची रात्र. आधी जेव. पोळीभाजी नको वाटत असेल तर दहीभात खा, पण उपाशी झोपू नकोस. मग एका कागदावर तीन रकाने कर: मान्य, बोलायचं, सोडणार नाही. सहा गोष्टी त्यात टाक. पहिल्या रकान्यात जितकं जास्त जाईल तितकी तू उद्या हलकी होशील. मांडववाल्याला आत्ताच फोन कर, ही मंडळी उशिरापर्यंत जागी असतात. चौकट सकाळी आठला येईल का विचार. साड्यांचे गठ्ठे उघडले असशील तर प्रत्येक साडीचा, विरलेल्या जागेसकट, फोटो काढून ठेव, म्हणजे नंतर फाटली-डागली तर कुणाला काय म्हणायचं ते तुझ्याकडे पुराव्यासह असेल.

सकाळी मॅनेजरांना एकच मेसेज जाऊ दे, आणि तो असा: ‘आपण सांगितलेले सुरक्षेचे नियम मी पाळत आहे. पणत्या पेटवणार नाही, मागचं दार मोकळं ठेवते, छताला हात लावत नाही. मातीचं वजन कमी करून नवा प्रस्ताव सोबत जोडला आहे. सेटअपसाठी दोन जादा तास हवे आहेत, त्याचा खर्च मी देईन. भरतकामाच्या मजकुराबद्दल आपल्याशी समक्ष बोलायचं आहे. तो बदलणं मला शक्य नाही, त्यामुळे आक्षेप काय आहे ते कृपया लेखी कळवा.’ बस. यात राग नाही, विनवणी नाही, आणि तुझी बाजू पूर्ण आहे.

समक्ष बोलायला जाताना एकटी जाऊ नकोस. कुणी एक शांत मैत्रीण बरोबर ने, तिनं काही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं आणि लिहून घ्यायचं. तुझा आवाज चढला तर पाणी पी. रडू आलं तर येऊ दे, त्यात कमीपणा नाही. पण रडता रडता ‘ठीक आहे, बदलते’ असं तोंडातून जाऊ देऊ नकोस. ‘मला तासभर द्या’ एवढंच म्हण आणि बाहेर ये.

तुला हे जमणार आहे. इतक्या घरांतून, इतक्या बायकांचा विश्वास मिळवून तू त्या साड्या आणल्यास. परक्या घरात बसून, चहा घेऊन, कपाटाच्या तळातलं बाहेर काढायला लावणं हे एका मॅनेजरांशी बोलण्यापेक्षा कितीतरी अवघड काम होतं, आणि ते तू केलंस. तीच रीत इथेही लागू पडते: आधी समोरच्याची भीती ऐकून घ्यायची, मग आपल्याला काय हवंय ते स्पष्ट सांगायचं. आणि आजीच्या वाक्यांना कुणालाही हात लावू द्यायचा नाही, तुला स्वतःलाही नाही.